तिठा, नाका, चौक. आणि चव्हाट्याचं काय झालं?

हापूसवाला
पुतणीच्या लग्नाची पत्रिका पुण्यात छापायला दिली होती. खाली टीप होती, 'मुंबईकडून येणाऱ्यांनी नांदगाव तिठ्यावरून उजवीकडे देवगड रस्ता धरावा.' प्रूफ आलं त्यात 'नांदगाव तिढ्यावरून'. लग्नाआधीच तिढा! फोन केला तर तिथला मुलगा म्हणतो, "काका, तिठा असा शब्दच नसतो. नाहीतर 'चौक' करू का?" तीन रस्त्यांचा चौक कसा करणार, असं त्याला ऐकवलं खरं, पण मग माझाच गोंधळ उडाला. कणकवलीत पटवर्धन चौक, सावंतवाडीत गवळी तिठा, चिपळूणला चिंचनाका. कुठे काय म्हणायचं हे ठरतं कशावर? रस्ते मोजून?

वाशिष्ठीकाठ
मोजून नाही. चौक हा संस्कृत 'चतुष्क', प्राकृत 'चउक्क' यांतून आला, त्यामुळे चार त्यात आहेतच. पण ते चार रस्ते असायलाच हवेत असं कुठे आहे? वाड्याच्या चौकाला चार बाजू असतात, रस्ता एकही नसतो.

खरी गंमत प्रत्ययात आहे. आपण भेटतो 'चौकात', पण 'नाक्यावर', 'तिठ्यावर', 'पारावर'. चौक म्हटलं की चारी बाजूंनी काहीतरी उभं आणि आपण मध्ये. तिठा आणि नाका म्हणजे वाटेवरचं ठिकाण, तिथे थांबायचं आणि पुढे जायचं. नाका तर मुळात जकात घ्यायची जागा, नाकेदार बसायचा ती. जकात गेली, नाकेदार गेला, नाका राहिला. आता तिथे वडापाव मिळतो.

मोतीतलाव
बातम्यांत 'तिठ्यात अपघात' असं सर्रास छापून येतं हो. पण बोलताना आमच्याकडे 'तिठ्यार'च. "तिठ्यार उतार, थयसून रिक्षा गावतली."

मला फरक दिसतो तो नावांत. गवळी तिठा माणसांवरून, चिंचनाका झाडावरून, आमचा शिरोडा नाका आणि चिपळूणचा गुहागर नाका रस्ता जिथे जातो त्या गावावरून. ही नावं कुणी बसून ठेवलेली नाहीत, तोंडी पडलेली आहेत. चौक मात्र बघा: सावंतवाडीत गांधी चौक, राजापूरला जवाहर चौक, कणकवलीत कोकणच्या गांधींच्या, म्हणजे आप्पासाहेब पटवर्धनांच्या नावाचा. मोठ्या माणसाचं नाव द्यायचं तर जागा 'चौक' असावी लागते. पुढाऱ्याच्या नावाचा तिठा अजून माझ्या तरी ऐकण्यात नाही.

अर्जुनेचं पाणी
राजापूरचा जवाहर चौक आम्ही मोजमाप म्हणूनही वापरतो. पावसात अर्जुना आणि कोदवली चढल्या की मुंबईहून फोन येतो तो 'पाणी किती फूट?' असा नाही. 'चौकात आलं का?' एवढंच. आलं म्हटलं की पलीकडच्याला सगळं कळतं, दुकानातला माल माळ्यावर गेला असणार हेसुद्धा.

मोतीतलाव
आणि चव्हाटा राहिलाच की. 'घरचं भांडण चव्हाट्यावर आलं' एवढ्यापुरताच तो शब्द उरलाय, तोही बदनामीसाठी. तळकोकणात मात्र चव्हाटा हे देवस्थान आहे. देव चव्हाट्याला नारळ ठेवतात, गाऱ्हाणं घालतात, बाकीचे 'व्हय म्हाराजा' म्हणतात. आमच्या आजीला ती म्हण आवडायची नाही. "चवाट्यार आणूक काय वायट आसा? थय देव आसा." तिच्या हिशेबी भांडण चव्हाट्यावर नेणं म्हणजे न्यायाला नेणं होतं.

सहाणेवरचा
आजीशी सहमत. आमच्याकडे रत्नागिरीत याच जातीचा शब्द म्हणजे सहाण. चंदन उगाळायची नव्हे. शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी ज्या चौथऱ्यावर बसते, ती सहाण. एरवी त्या जागेकडे कुणी ढुंकून बघत नाही. पोरं क्रिकेट खेळतात, कुणी मिरच्या वाळत घालतं. शिमगा आला की तीच गावाची मुख्य जागा. पालखी नाचवून आणली की तिथे बसवायची, मग नवस, मानपान, आणि मानपानावरून जुनी भांडणंसुद्धा तिथेच. शहरात चौक जे काम करतो म्हणतात, लोक जमणं, बोलणं, ठरवणं, ते आमच्या वाड्या सहाणेवर करतात. फरक इतकाच की चौक रोजचा, सहाण सणाची.

पंचगंगा
घाटावरून डोकावतोय. कोल्हापुरात तिठा नाही, तिकटी आहे. मिरजकर तिकटी प्रसिद्धच. त्या छापखान्यातल्या मुलाला तोही शब्द द्या बदलायला.

हापूसवाला
त्याला नको, तो 'तिखट' करील!

सगळ्यांचं वाचून एक लक्षात आलं. कोकणात तिठेच जास्त का, तर जमीनच तशी. महामार्ग उत्तर-दक्षिण उभा, आणि त्याला फाटे एकतर पश्चिमेला बंदराकडे नाहीतर पूर्वेला घाटाकडे. दोन्ही फाटे समोरासमोर क्वचितच येतात. कोल्हापूरचा रस्ता महामार्गाला मिळतो पालीला, आणि रत्नागिरीकडे सुटतो हातखंब्याला. पाली आणि हातखंबा एका जागी असते तर तिथे चौक झाला असता. झाला हातखंबा तिठा. नांदगावचंही तसंच, देवगडचा फाटा तेवढा समुद्राकडे जातो.

पत्रिका आल्या काल. त्या मुलाने माझंही ऐकलं आणि स्वतःचंही. छापलंय, 'नांदगाव तिठा चौक'. तीनशे प्रती आहेत, वाटतोय तशाच.