महाडीबीटीचा अर्ज परत आलाय, उत्पन्नात माझे कमिशन धरायचे का?

माणदेशी_आई
नमस्कार. माझी मुलगी पुण्यात इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे, 2024-25 चा प्रवेश, कॅपमधून म्हणजे सरकारी केंद्रीय प्रवेश फेरीतून लागली. राजर्षी शाहू शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीचा अर्ज आम्ही महाडीबीटीवर, म्हणजे सरकारच्या शिष्यवृत्तीच्या पोर्टलवर, गावातल्या नेट कॅफेतून भरला. काल तिचा फोन आला, कॉलेजने अर्ज ‘सेंड बॅक’ केलाय. शेरा एवढाच, ‘उत्पन्नाचा योग्य दाखला जोडा.’ दाखल्यावर 72,000 आहेत, ते ह्यांच्या अडीच एकर कोरडवाहूचे. मी पतसंस्थेची पिग्मी गोळा करते, महिन्याला 9,000 कमिशन सुटतं. तलाठ्यांनी ते विचारलं नाही, मीही बोलले नाही. कॅफेवाला म्हणतो स्कॅन पुसट असेल, तोच कागद परत चढवू. मला रात्रभर झोप नाही. माझं कमिशन कॉलेजला कळलं असेल का? आता दाखवलं तर पोरीची शिष्यवृत्ती जाईल का?

खिडकीपलीकडचा
ताई, मी एका कॉलेजात अकरा वर्षं हेच अर्ज तपासतोय. तुमचं कमिशन आम्हाला दिसत नाही, आमच्या लॉगिनला दिसतो फक्त जोडलेला कागद. तुम्ही ‘तलाठ्यांनी’ म्हणालात तिथेच मला शंका आली. तलाठ्याचा अहवाल घेऊन तहसीलमधून दाखला काढायचा असतो, आणि पुष्कळ जण तो अहवालच दाखला समजून जोडतात. तो चालत नाही. कितीही स्वच्छ स्कॅन केला तरी मी परतच पाठवणार.

तहसीलचा दाखला हातात आला की आर्थिक वर्ष बघा. तुमच्या मुलीला 2023-24 चं उत्पन्न लागेल, आणि खाली 31 मार्च 2025 पर्यंत वैध असं लिहिलेलं असेल. त्यावरचा बारकोड क्रमांक अर्जात टाका. आकडा हाताने भरायची वेळ आली तर दाखल्यावर आहे तोच भरा, एका रुपयाचाही फरक नको.

आता कमिशनचं. दाखवाच. उत्पन्न कुटुंबाचं विचारतात, एकट्या वडिलांचं नाही. 72,000 आणि तुमचे वर्षाचे 1,08,000, झाले 1,80,000. मर्यादा 8 लाखांची आहे, तुम्ही तिच्या पाव हिश्श्यालाही पोचत नाही. शिवाय 2024-25 पासून ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसीतल्या मुलींना याच मर्यादेत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण मिळतं, पूर्वी निम्मं मिळायचं. लपवून तुमचा एक पैशाचा फायदा नाही, आणि अर्जाखाली माहिती खरी आहे म्हणून हमी तुमच्या पोरीची जाते. अठरा-एकोणीस वर्षांच्या लेकरावर ते ओझं ठेवू नका. मला हे फार मनापासून सांगावंसं वाटतं, कारण ज्यांना लपवायचं काही कारणच नाही अशीच माणसं घाबरून आकडे कमी करताना मी बघतो.

आणखी एक. अडीच एकर म्हणजे तुम्ही अल्पभूधारक. मुलगी वसतिगृहात किंवा खोली घेऊन राहत असेल तर पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्त्याचा अर्ज वेगळा भरावा लागतो. तहसीलला जाताय तर अल्पभूधारकाचा दाखलाही त्याच फेरीत मागा.

सेकंड_इयर_मेकॅनिकल
काकू, ताईचं आधार कोणत्या बँकेला जोडलंय तेही बघा. माझं जुन्या शाळेच्या खात्याला होतं, ते बंद पडलेलं. मंजूर होऊनही पैसे अडकले. आधारच्या साइटवर बँक सीडिंग, म्हणजे आधार कोणत्या बँकेला जोडलंय ते, दिसतं, दोन मिनिटांचं काम.

माणदेशी_आई
दादा, कागद काढून बघितला. खाली सही तलाठ्यांचीच आहे! पतसंस्थेतून कमिशनचा दाखला आजच मागून घेतला, उद्या पहिल्या एसटीने दहिवडीला तहसीलात जाते. दाखल्याला 15 दिवस लागतात म्हणतात. तोवर अर्ज तसाच राहू दिला तर चालेल का?

खिडकीपलीकडचा
राहू द्या, पण कॉलेजच्या शिष्यवृत्ती विभागाला मुलीने उद्याच भेटून तहसीलातल्या अर्जाची पोचपावती दाखवावी, तुम्ही तिला फोटो पाठवा. तुम्ही पुन्हा सबमिट करेपर्यंत अर्ज त्यांच्याकडे येत नाही, त्यामुळे शेवटची तारीख तिथेच विचारून घ्या.