देवनागरी मथळ्यात दोन ओळींमधलं अंतर कसं ठरवायचं? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, ग्राफिक डिझाइन नुकतंच शिकायला लागलेय. ठाण्यात नौपाड्यातल्या एका पोळी-भाजी केंद्रासाठी ए५ आकाराचं हँडबिल करतेय. मथळा दोन ओळींत, मधोमध: वर ‘घरगुती’, खाली ‘पुरणपोळी’. अक्षरं ठसठशीत हवीत, म्हणून ओळी जवळ घेतल्या की ‘गु’चा उकार खालच्या ‘पो’च्या मात्रेला टेकतो. अंतर वाढवलं की दोन शब्द एकमेकांचे वाटतच नाहीत. इंग्रजी मथळ्याला सगळी कॅपिटल घेऊन सुटता येतं. आपल्याकडे शिरोरेघेच्या वरही पसारा आणि खालीही.

इंकस्केप हे मोफत ड्रॉइंग सॉफ्टवेअर वापरतेय. फॉन्ट मुक्ता आणि बलू, दोन्ही युनिकोड आणि मोफत परवान्याचे. लाइन स्पेसिंग १ पासून १.५ पर्यंत फिरवून पाहिलं, खालची ओळ थोडी उजवीकडे सरकवली, पण मग मधोमध मांडणी बिघडते. शब्द बदलता येणार नाहीत, एका ओळीत घेतले तर अक्षरं फार बारीक होतात. विकतचं सॉफ्टवेअर सध्या परवडणारं नाही. फ्लेक्स नाही, कागदावरच छापायचंय. छापखान्याला मजकूर कर्व्ह केलेली (म्हणजे अक्षरांचं साध्या आकृत्यांत रूपांतर केलेली) पीडीएफ चालते, त्यामुळे तिथे अडचण नाही.

कर्व्ह केल्यावर उकार किंवा मात्रा हाताने थोडी आखूड करणं योग्य आहे का, की त्याने अक्षराचं वळण बिघडतं? अनुभवी मंडळी अशा वेळी अंतर मोजताना शिरोरेघ ते शिरोरेघ धरतात, की उकाराच्या टोकापासून?