नळ चार-पाच दिवसांआड येतो, कुंड्या आणि कूलर दोन्ही कसे सांभाळायचे?

अमळनेरची_गिलकी
नमस्कार मंडळी. आखाजी (अक्षय्य तृतीया) झाली आणि आमच्याकडे नळ चार-पाच दिवसांआड गेला. घरात पाच माणसं, गच्चीवर कुंड्या (गिलके, वांगी, कढीपत्ता, मोगरा), मागच्या अंगणात दोन केळी न एक लिंबू, आणि वर कूलर, त्याला तर कितीही पाणी घाला कमीच. नळ आला की सासूबाई टिपातलं (ड्रममधलं) आधीचं पाणी शिळं म्हणून गटारीत ओतून देतात, ते बघून जीव तुटतो पण त्यांना कसं सांगू कळत नाही. टँकर न मागवता झाडं जगवायची आहेत, मोठा खर्च नको. काय करू?

धुळेकर_आप्पा
ताई, सगळ्यात आधी ते ओतणं थांबवा, बाकी सगळं नंतर. झाकून ठेवलेलं पाणी चार दिवसांत खराब होत नाही. सासूबाईंशी वाद नका घालू, फक्त म्हणा की आई, प्यायला आजचं ताजं भरू आणि टिपातलं धुणं, फरशी, संडासला वापरून संपवू. नळ यायच्या आदल्या दिवशी कपडे धुवायला काढले की टिप आपोआप रिकामं होतं, ओतायला काही उरतच नाही.
पण एक गोष्ट त्यांची बरोबर आहे बरं का. टिप आठवड्यातून एकदा रिकामं करून आतून घासायलाच हवं, डेंग्यूचा डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यातच अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत त्याचा डास तयार होतो. अंडी भिंतीला चिकटलेली असतात म्हणून घासायचं. तळाशी उरलेलं पाणी गटारीत नको, झाडाच्या मातीत टाका. कोरड्या मातीत अळ्या मरतात.

केळीपट्टा_रावेर
कुंड्यांचं मी सांगतो. आपल्याकडे 44-45 डिग्रीत बरंच पाणी उघड्या मातीतूनच उडून जातं, म्हणून माती झाका. केळीची वाळलेली पानं, भुसकट, शेंगांची टरफलं, जे फुकट मिळेल ते दोन-तीन बोटं जाड पसरा, खोडाला मात्र चिकटू देऊ नका. कुंड्या एकमेकींना खेटून ठेवा आणि वर हिरवी नेट. मातीच्या कुंड्या चारी बाजूंनी पाणी सोडतात, त्या मधे ठेवा आणि प्लास्टिकच्या कडेला. पाणी सूर्य उगवायच्या आत किंवा दिवस मावळल्यावर, दुपारी अजिबात नाही.
लिंबाजवळ मडकं पुरा. तोंड वर ठेवायचं, झाकण ठेवायचं, माती कोरडी पडेल तसं ते पाझरत राहतं. जुना माठ वापरणार असाल तर आधी बाहेरून काथ्याने खसखसून घासा, क्षाराने त्याची छिद्रं बुजलेली असतात, मग पाझरतच नाही आणि लोक म्हणतात उपाय खोटा.
तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी कढीपत्त्याला. आंघोळीचं पाणी केळीकडे वळवा, तिला चालतं. कपड्यांचं पहिलं साबणाचं पाणी मात्र कुंडीत नको, पावडरीतला सोडा माती कडक करतो. शेवटच्या खळबळीचं चालेल.

नंदुरबारनी_माय
आमनाकडे बी तसंच शे ताई. कूलर सावलीत ठेव, भिंतीला ऊन लागत असेल तर वर पत्रा किंवा पोतं टाक. पाइप लावून दुसऱ्या कामाला जायचं नाही, पाणी वरून वाहून जातं, बॉल कॉक (टाकी भरली की पाणी आपोआप बंद करतो तो) बसवून घे, फार महाग नसतो. आणि टाकीच्या तळाचं पाणी फार क्षाराचं होतं, पाणी उडून जातं न क्षार खाली राहतात, ते मोगऱ्याला घालू नको, अंगण धुवायला किंवा संडासला घे.

अमळनेरची_गिलकी
सगळ्यांचे खूप आभार, आजच केळीची पानं मागवते. आरओचं वाया जाणारं पाणी झाडांना चालतं का? आमचं बोअरचं आहे, खारं लागतं.

धुळेकर_आप्पा
बोअर खारं असेल तर नको. क्षार सगळे त्या फेकलेल्या पाण्यातच येतात, रोज घातलं तर पानांच्या कडा करपतील. नळी सरळ बादलीत सोडा, फरशी आणि संडासला ते पुरतं. एक लिटर प्यायचं निघालं की बऱ्याच मशीन दोन-तीन लिटर बाहेर टाकतात, बादली भरायला वेळ लागत नाही. फ्लशची टाकी जुनी मोठी असेल तर आत लिटरभराची भरलेली बाटली उभी करा, दरवेळी तेवढं पाणी वाचतं, फक्त आतल्या दांड्याला अडकू देऊ नका.

तापीकाठ
थोडं उशिरा वाचलं. मे महिन्यातच गच्चीचं काम करून घ्या, मिरगाला प्लंबर सापडत नाही. हिशोब सोपा आहे, एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. हजार चौरस फुटांची गच्ची म्हणजे साधारण 93 चौरस मीटर, वर्षाचा पाऊस 600 मिलिमीटर धरला आणि पाचवा हिस्सा वाया गेला असं मानलं तरी 44 हजार लिटरच्या वर पाणी, आणि आपण ते पन्हाळातून रस्त्यावर सोडतो. पहिला पाऊस गच्ची धुऊन जाऊ द्या. त्यानंतरचं पाणी विटांचे तुकडे, खडी आणि वाळूच्या गाळणीतून बोअरजवळच्या खड्ड्यात. खारं बोअर आहे म्हणता ना, मग तर नक्की करा, गोडं पाणी खाली गेलं की खारेपणा कमी व्हायला मदत होते. संडासचा शोषखड्डा मात्र त्या बाजूला नको, लांब असू द्या.