मदत हवी आहे: ज्येष्ठ निवास संकुलाच्या करारात शुश्रूषेची हमी
दादरला एकट्या राहणाऱ्या, ७९ वर्षांच्या मावशीसाठी आम्ही कर्जतच्या बाजूचे एक ज्येष्ठ निवास संकुल पाहिले आहे. ती काठी घेऊन चालते, मात्र विस्मरण वाढते आहे. महारेराची (राज्याचे स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरण) ज्येष्ठांच्या गृहप्रकल्पांसाठीची २०२४ मधील मार्गदर्शक तत्त्वे समोर ठेवून उतार, लिफ्ट, रुंद दारे तपासली. ती बाजू ठीक आहे. पुढे मावशी अंथरुणाला खिळल्यास किंवा स्मृतिभ्रंश बळावल्यास तेथेच ठेवतील का, यावर व्यवस्थापन तोंडी होकार देते, पण करारात लिहून देत नाही. जागेअभावी घरी चोवीस तास मदतनीस ठेवणे शक्य नाही. असा करार केलेल्यांनी रात्रीची परिचारिका, रुग्णालयात हलवण्याची जबाबदारी आणि अनामतीचा परतावा यांविषयी नेमकी कोणती कलमे लिहून घेतली?