मदत हवी आहे: स्ट्रॅटसाठी फझ कोणता घ्यावा? फझ फेस, बिग मफ की जुना जर्मेनियम?

ओपन ई

नमस्कार मंडळी. पहिला फझ पेडल (गिटारचा सूर मुद्दाम फाडून भरड करणारा डबा) घ्यायचा आहे आणि निर्णय होत नाहीये. सध्याचा सेटअप असा:

गिटार: स्क्वायर स्ट्रॅट, तीन सिंगल कॉइल पिकअप (तारांचं कंपन विजेत बदलणारी वेटोळी).
अँप: पुण्यात घरी १० वॉटचा छोटा ट्रान्झिस्टर अँप. बँडच्या सरावाच्या खोलीत ट्यूब अँप, १२ इंची स्पीकर.
पेडल, गिटारकडून अँपकडे याच क्रमाने: बॉस टीयू-३ ट्यूनर, क्रायबेबी जीसीबी९५ वाह (पायाच्या पट्टीने सूर 'वाव-वाव' करणारा), ट्यूब स्क्रीमर (सौम्य ओव्हरड्राइव्ह), डिले (प्रतिध्वनी).
वीज: ९ व्होल्टचा एकच ॲडॉप्टर, त्यावर डेझी चेन (एकाच वायरने सगळ्या पेडलना वीज).

हवं काय: लीडसाठी लांब टिकणारा सूर, गिटारचा व्हॉल्यूम कमी केला की आवाज साफ व्हावा, आणि थोड्या कॉर्ड्सही वाजवता याव्यात.

समोर चार पर्याय आहेत: डनलॉपचा फझ फेस मिनी (सिलिकॉन ट्रान्झिस्टरचा), इलेक्ट्रो-हार्मोनिक्सचा नॅनो बिग मफ, बेरिंजर एसएफ३००, आणि हाताने बनवलेला एक सेकंडहँड जर्मेनियम (जुन्या जातीच्या ट्रान्झिस्टरचा) फझ फेस. या शेवटच्यात एनकेटी२७५ ट्रान्झिस्टर आहेत असं विकणारा सांगतो. यातलं काय घ्यावं?

साडेचार व्होल्ट

तुमच्या पहिल्या दोन मागण्या एका पेडलमध्ये नीट बसत नाहीत. कोणती जास्त महत्त्वाची ते आधी ठरवा, निम्मा निर्णय तिथेच होतो.

फझ फेस १९६६ चा. आत फक्त दोन ट्रान्झिस्टर, आणि इनपुट इम्पिडन्स (आत येणाऱ्या सिग्नलला होणारा विरोध) जेमतेम काही किलोओहम. इतका कमी असल्यामुळे गिटारचा पिकअप आणि व्हॉल्यूमचा पॉट (नॉबखालचा बदलता रेझिस्टर) हे सर्किटचाच भाग बनतात. व्हॉल्यूम १० वरून ७ वर आणला की पॉटचा रेझिस्टन्स सिरीजमध्ये येतो, पेडलचा गेन (सिग्नल किती पट वाढतो ते) झपकन उतरतो आणि आवाज जवळपास साफ होतो. तुम्हाला हवा असलेला साफपणा तो हाच. पण त्यासाठी गिटार आणि फझ यांच्यामध्ये केबलशिवाय काही असता कामा नये.

तुमच्या साखळीत सगळ्यात पुढे टीयू-३ आहे. बॉसचा पेडल बंद असतानाही त्याचा बफर (गिटारला पुढच्या पेडलपासून वेगळं ठेवून सिग्नल जोराने पुढे ढकलणारं छोटं सर्किट) चालूच असतो. बफरमागे फझ फेस लावला की तो कायम पूर्ण गेनवर, कर्कश वाजतो आणि गिटारचा व्हॉल्यूम फिरवून फारसं काही होत नाही. वायरलेस किंवा ॲक्टिव्ह पिकअपचंही तेच. दुकानात थेट लावल्यावर आवडलेला फझ घरी बोर्डवर नकोसा वाटतो, त्यामागे बहुतेक वेळा हेच असतं. पेडल बदलू नका, जागा बदला.

बिग मफ १९६९ चा आणि वेगळ्या जातीचा. चार ट्रान्झिस्टर, मधल्या दोन टप्प्यांत डायोडने क्लिपिंग (लाटेची टोकं कापणं), आणि इनपुटलाच ३० ते ४० किलोओहमचा रेझिस्टर सिरीजमध्ये, त्यामुळे पुढे बफर असला तरी तो तक्रार करत नाही. सूर कितीही वेळ टिकतो. पण गिटारचा व्हॉल्यूम कमी केला तर तोच फझ हळू आवाजात ऐकू येतो, साफ होत नाही. शिवाय त्याच्या टोन सर्किटमध्ये १ किलोहर्ट्झच्या आसपास मोठा खड्डा आहे, म्हणजे मधली पट्टी दबते. घरी एकट्याने वाजवताना हा खड्डा छान भरदार वाटतो. बँडमध्ये मात्र गिटारला ऐकू यायला हीच पट्टी लागते, म्हणून ड्रम्स आणि बास सुरू झाले की लीड गायब.

तिसरी फ्रेट

+१. मफच्या खड्ड्यावर इलाज तुमच्याकडेच आहे. ट्यूब स्क्रीमर मफच्या *नंतर* लावा: ड्राइव्ह शून्य, लेव्हल दुपारी १-२ च्या काट्यावर, टोन मध्यावर. त्याचा उठाव ७०० हर्ट्झच्या थोडा वर असतो, खड्डा बऱ्यापैकी भरून निघतो. मफच्या आधी लावला तर काँप्रेशन आणि खरखर दोन्ही वाढतात.

एसएफ३०० बद्दल: हा बॉस एफझेड-२ च्या सर्किटवरचा आहे. पहिल्या फझ मोडमध्ये वरचं सप्तक मिसळलेलं ऐकू येतं, विशेषतः १२ व्या फ्रेटच्या वर आणि नेक पिकअपवर. मजबुतीत कमी पडतो, बॉडी प्लॅस्टिकची आहे. स्वस्तात फझ आपल्याला आवडतो का ते बघायला उत्तम, पण गिटारच्या व्हॉल्यूमने साफ व्हायचं काम त्याच्याकडून होणार नाही.

ओपन ई

खूप धन्यवाद दोघांना. साफ होणं जास्त महत्त्वाचं, हे आता नक्की. म्हणजे फझ फेसकडे झुकतोय. मग तीन प्रश्न: वाह कुठे लावू? डेझी चेन चालेल का? आणि तो जर्मेनियमवाला घ्यावा की सिलिकॉन?

साडेचार व्होल्ट

क्रम असा करा: गिटार, फझ, वाह, ट्यूनर, ट्यूब स्क्रीमर, डिले. फझ फेस मिनी ट्रू बायपास आहे, म्हणजे बंद असताना आतलं सर्किट पूर्ण वगळलं जातं. तो बंद असला की गिटारचा सिग्नल जसाच्या तसा ट्यूनरपर्यंत जातो, त्यामुळे ट्यूनर मागे गेल्याने काही बिघडत नाही.

वाह फझ फेसच्या आधी लावली तर फझचा कमी इम्पिडन्स वाहच्या आउटपुटला ओढून खाली बसवतो. पायाची पट्टी पूर्ण फिरवली तरी स्वीप (आवाजाचं वर-खाली सरकणं) थोडाच ऐकू येतो आणि टाच-टोकाच्या एखाद्या जागी चक्क शिट्टी सुरू होते. वाह नंतर लावली की फझने तयार केलेले सगळे हार्मोनिक्स तिला चाळायला मिळतात, स्वीप ठळक होतो. आधीच हवी असेल तर दोघांच्या मध्ये बफर लागतो, आणि बफर आला की गिटारच्या व्हॉल्यूमने साफ होणं गेलं.

गरम सोल्डर

विजेबद्दल मी लिहितो, कारण इथे पेडल आणि ॲडॉप्टर दोन्ही धोक्यात येतात.

जुन्या पद्धतीच्या जर्मेनियम फझ फेसमध्ये पीएनपी ट्रान्झिस्टर असतात, म्हणजे बॅटरीचं *पॉझिटिव्ह* टोक ग्राउंडला. तुमच्या बाकी सगळ्या पेडलमध्ये निगेटिव्ह टोक ग्राउंडला आहे. केबलच्या शील्डमुळे सगळ्यांची ग्राउंड एकमेकांना जोडलेलीच असतात. असा पीएनपी फझ डेझी चेनवर लावला की ॲडॉप्टरचं प्लस आणि मायनस थेट शॉर्ट. त्याला बॅटरी द्या, नाहीतर पॉवर सप्लायचं वेगळं आयसोलेटेड आउटपुट द्या. सिलिकॉनवाले बहुतेक एनपीएन (उलट जातीचे) आणि निगेटिव्ह ग्राउंडचे असतात, पण तरी खालचं लेबल वाचल्याशिवाय जॅक लावू नका.

आणि बॅटरी म्हणजे खर्च, असं समजू नका. फझ फेस १ मिलिअँपियरसुद्धा घेत नाही. हिशोब सोपा आहे: पहिल्या ट्रान्झिस्टरला ३३ किलोओहममधून साधारण ०.२३ आणि दुसऱ्याला ८.२ किलो अधिक ४७० ओहममधून साधारण ०.५ मिलिअँपियर. साधा कार्बन-झिंकचा ९ व्होल्टचा सेल शेकडो तास चालतो. मात्र वाजवून झालं की इनपुटची केबल काढायची. बॅटरीचा स्विच इनपुटच्या स्टीरिओ जॅकमध्येच असतो, केबल लावून ठेवली की सेल उतरत राहतो.

आता जर्मेनियम की सिलिकॉन. जर्मेनियमचा आवाज मऊ, व्हॉल्यूम कमी केल्यावर होणारा साफ सूर जास्त सुंदर. यावर माझं दुमत नाही. पण जर्मेनियममधला लीकेज करंट (नको असताना गळणारा प्रवाह) तापमान १० अंशांनी वाढलं की साधारण दुप्पट होतो. थंड खोलीत नीट लावलेला बायस (ट्रान्झिस्टरचा कामाचा व्होल्टेज) एप्रिलच्या दुपारी उघड्या स्टेजवर हलतो, सूर शेवटाला तुटक होऊन फुरफुरत विझतो. सिलिकॉनला, म्हणजे बीसी१०८ वगैरेंना, याचा व्यवहारात त्रास नाही. त्यांचा गेन शेकड्यांत असतो, आवाज जास्त उजळ आणि धारदार. पहिला आणि एकमेव फझ असेल, बाहेर वाजवायचं असेल, तर सिलिकॉन घ्या.

ओपन ई

पटलं. तरीही त्या जर्मेनियमवाल्याकडे मन ओढतंय. बघायला जाताना काय तपासू? मल्टिमीटर आहे, सोल्डरिंग येत नाही.

गरम सोल्डर

सोल्डरिंग लागणारच नाही. मागचं झाकण उघडा, नवा सेल जोडा, इनपुटला केबल लावा आणि मीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा.

आधी पहिल्या ट्रान्झिस्टरच्या बेस आणि एमिटर या दोन पायांमधला व्होल्टेज बघा. जर्मेनियम असेल तर ०.१ ते ०.२५ च्या आसपास. ०.६ आला तर आत सिलिकॉन आहे, वर धातूची टोपी असो नाहीतर जुनाट अक्षरं. इतक्या एका मापात खोटा माल उघडा पडतो.

मग दुसऱ्या ट्रान्झिस्टरचा कलेक्टर, म्हणजे तिसरा पाय. पीएनपी असेल तर लाल टोक ग्राउंडला, काळं कलेक्टरला. ४ ते ५ मध्ये आकडा हवा, ४.५ आदर्श. आत छोटा ट्रिमर असेल तर तो बायसचाच असण्याची शक्यता जास्त, स्क्रूड्रायव्हरने फिरवून आकडा जागेवर आणता येतो. ट्रिमर नसेल आणि आकडा ७-८ दाखवत असेल तर सोडून द्या.

आता मीटर तसाच लावून ठेवा आणि पहिल्या ट्रान्झिस्टरची टोपी दोन बोटांत अर्धा मिनिट धरा. आकडा थोडा सरकणारच. व्होल्टभर किंवा जास्त सरकला तर लीकेज खूप आहे, उन्हाळ्यात हा पेडल रोज नखरे करेल.

शेवटी वाजवून: फझचा नॉब फिरवताना किंचित खरखर चालते, त्या पॉटमधून डीसी वाहतो. व्हॉल्यूमचा नॉब मात्र शांत हवा. तो खरखरला तर पॉट तरी खराब आहे, नाहीतर आउटपुटचा कपॅसिटर डीसी गळू देतोय.

एनकेटी२७५ या नावासाठी जादा पैसे देऊ नका. पहिल्याचा गेन ७० ते ९०, दुसऱ्याचा ११० ते १३० आणि लीकेज कमी, एवढं जमलं तर जुन्या रेडिओंत असणारा एसी१२८ तितकाच चांगला वाजतो. फक्त मल्टिमीटरच्या एचएफई (गेन मोजायच्या) सॉकेटवर विश्वास नको, तो लीकेजसुद्धा गेन म्हणून मोजतो. खरं मोजायचं तर ९ व्होल्टवर, कलेक्टरला २.४ किलोओहम, बेसला २.२ मेगओहम. बेस मोकळा ठेवून कलेक्टरच्या रेझिस्टरवर येणारा व्होल्टेज म्हणजे लीकेज. बेस जोडल्यावर तो जितका वाढतो त्याला १०० ने गुणलं की खरा गेन. बेस मोकळा असताना अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त येत असेल तर तो ट्रान्झिस्टर बाजूला ठेवा.

तिसरी फ्रेट

कॉर्ड्सचं राहिलं. फझमध्ये दोन सुरांच्या वारंवारतांची बेरीज-वजाबाकीही ऐकू येते. २२० चा सा आणि त्याचा पंचम, गिटारवर ३२९.६. फरक १०९.६, म्हणजे जवळपास बरोबर खालच्या सप्तकाचा सा. म्हणून सा-प भरभक्कम वाजतं. आता गांधार घ्या, २७७.२. फरक ५७.२, आणि तिथला खरा सा ५५. तळात अर्ध्या सेमीटोनहून जास्त चढलेला सूर गुरगुरत राहतो. म्हणून पूर्ण मेजर कॉर्ड फझवर चिखल होते. सा-प किंवा सा-म अशा दोन तारा वाजवा, पूर्ण कॉर्डसाठी व्हॉल्यूम ५-६ वर आणून साफ करून घ्या.

घरच्या अँपवर फझ फेस टोचेल, कारण क्लीन ट्रान्झिस्टर अँप त्याच्या कडा गोल करत नाही. ट्रेबल ३ वर आणा, फझ पूर्ण न ठेवता तीन-चतुर्थांशवर ठेवा, आणि मागे ट्यूब स्क्रीमर ड्राइव्ह कमी ठेवून चालू करा. हेडफोनवर किंवा थेट ऑडिओ इंटरफेसमध्ये वाजवणार असाल तर कॅबिनेट सिम्युलेशन लावाच. गिटारचा स्पीकर ५ किलोहर्ट्झच्या वरचं बहुतेक कापतो. ते कापलं गेलं नाही तर कानाशी डास गुणगुणल्यासारखा आवाज येतो आणि दोष विनाकारण पेडलला जातो.

ओपन ई

सिलिकॉन मिनी घेतोय, जर्मेनियम पुढे कधीतरी. एक शेवटची शंका: सिंगल कॉइलचा हम (विजेची घूं-घूं) फझमुळे किती वाढेल?

साडेचार व्होल्ट

बराच. फझ चालू असताना वाजवत नसाल तर गिटारचा व्हॉल्यूम शून्यावर आणायची सवय लावा, फझ फेसवर ती फार लवकर लागते. मधला पिकअप रिव्हर्स-वाउंड (उलटा गुंडाळलेला) असेल तर स्विचच्या २ आणि ४ नंबरच्या जागी हम कापला जातो, ते एकदा ऐकून खात्री करून घ्या. पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर आणि दिव्याचा डिमर यांपासून लांब बसा, अंगाची दिशा थोडी बदलली तरी हम घटतो. अँपचा प्लग तीन पिनांचा असेल तर सॉकेटला अर्थिंग खरंच आहे का ते इलेक्ट्रिशियनकडून बघून घ्या. तारांना हात लावला की हम कमी होतो हे नेहमीचंच, पण हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर लगेच वाजवणं थांबवा आणि आधी अर्थिंग दुरुस्त करा.

पेडलमधून रेडिओ ऐकू आला तर आधी गिटारची केबल बदलून बघा, जितकी आखूड तितकं बरं. तरीही राहिला तर पहिल्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टर आणि बेसमध्ये ४७ ते १०० पिकोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर जोडून घ्या. पासोड्या विठोबाजवळच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत तो किरकोळ पैशांत मिळेल. पेडल वॉरंटीत असेपर्यंत मात्र झाकण उघडू नका.