पेजरँकर जेम अजून कशाला सुचवता?

सातारचा_कोडर: काल इथे कुणी लिहिलंय, 'रूबीचं पेजरँकर जेम टाका, दोन ओळींत साइटची रँक आणि बॅकलिंक हातात.' (जेम म्हणजे रूबी या प्रोग्रॅमिंग भाषेतलं तयार कोडचं पॅकेज; बॅकलिंक म्हणजे दुसऱ्या साइटींवरून आपल्या साइटकडे येणाऱ्या लिंका.) हे जेम आकडे दुसऱ्यांकडूनच आणतं, आणि तेच बंद झालेत. अहो, आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? बॅकलिंक दाखवणारं याहूचं साइट एक्सप्लोरर २०११ मध्ये गेलं, गूगलच्या टूलबारवर दिसणारी पेजरँक, म्हणजे साइटच्या वजनाचा आकडा, २०१६ मध्ये, आणि १ मे २०२२ ला साइटींचा लोकप्रियता-क्रमांक देणारी अलेक्साही बंद. नवख्यांना हे सुचवू नका.

रूबीप्रेमी: ते मीच लिहिलं. कोड उघडून पाहिलात का? प्रत्येक स्रोताचा क्लास वेगळा आहे. बंद पडलेले काढा, नवे जोडा. मला दोनशे साइटी तपासायच्या असतात, एकेक उघडत बसू?

सातारचा_कोडर: पाहिलाय, आणि भोगलंयही. आकडा मिळाला नाही की निल, म्हणजे 'काहीच नाही', यायचं, आणि आमच्या स्क्रिप्टमध्ये पुढे टू_आय, म्हणजे 'पूर्णांक कर', लावलेलं. रूबीत निलचं टू_आय म्हणजे शून्य. अहवालात 'बॅकलिंक: ०' छापून आलं. ग्राहक कोल्हापुरी चपलांचे व्यापारी, घाबरून एका एजन्सीकडून पाचशे लिंका विकत घेतल्या. दोन महिन्यांत सर्च कन्सोलमध्ये, म्हणजे साइटमालकांसाठीच्या गूगलच्या साधनात, मॅन्युअल ॲक्शन, म्हणजे गूगलची शिक्षा!

रूबीप्रेमी: मग टू_आय तुमचं, दोष जेमला?

लिंक_बिल्डर_पुणे: एजन्सी म्हटलं की सगळे एकाच माळेचे मणी का? मी सात वर्षं स्थानिक बातम्यांच्या साइटींना फोन करकरून लिंका मिळवतोय. एक पैसा देत नाही.

सातारचा_कोडर: तुम्हाला कोण बोललं? त्या पाचशेंतल्या निम्म्या लिंका जुगाराच्या साइटींवरच्या होत्या. डिसअवाऊ फाइल, म्हणजे 'या लिंका धरू नका' असं गूगलला कळवणारी यादी, मी रात्री जागून, एकेक डोमेन बघत केली. त्या माणसाचा दिवाळीचा धंदा बुडाला!

लिंक_बिल्डर_पुणे: तो गुन्हाच आहे. पण ग्राहकही 'महिन्यात किती लिंका?' एवढंच विचारतात. दोन चांगल्या मिळाल्या सांगितलं की दुसरीकडे जातात. सहा ग्राहक असेच गेले माझे.

वाचकमात्र: मूळ प्रश्न राहिला, पेजरँकरऐवजी काय? लोकप्रियतेला ट्रँकोची लोकप्रिय साइटींची यादी घ्या, साधी सीएसव्ही फाइल आहे, क्रमांक आणि डोमेन.

रूबीप्रेमी: त्यांच्या नेहमीच्या यादीत दहा लाखच डोमेन. तालुक्याच्या दुकानाची साइट सापडायची नाही. लिंकांसाठी वेबची खुली प्रत साठवणाऱ्या कॉमन क्रॉलचा वेबग्राफ, म्हणजे कोणती साइट कुणाला लिंक देते त्याचा नकाशा, बरा, पण फाइली अवाढव्य.

सातारचा_कोडर: टू_आय माझी चूक, मान्य. पण स्वतःच्या साइटचा मालक असेल तर आधी सर्च कन्सोलमधला लिंकांचा अहवाल उघडा. जेम नंतर.

रूबीप्रेमी: आणि दुसऱ्यांच्या दोनशे साइटींचं काय? त्यांचं सर्च कन्सोल मला कोण देणार?