टिकालला जायचंय, पण जंगलाला त्रास न देता. कसं करू?

ह्यूस्टनवाली: जानेवारीत आम्ही दोघं ग्वाटेमालाला जायचं म्हणतोय, तिथल्या जंगलातलं टिकाल हे माया लोकांचं जुनं शहर बघायला. पॅकेजं बघितली तर सकाळच्या विमानाने जवळचं फ्लोरेस शहर, दुपारी पिरॅमिडपुढे फोटो, संध्याकाळी परत. असं नकोय. जंगलात राहायचंय आणि आपला पैसा तिथल्या माणसांना मिळायला हवाय. कुणी गेलंय का?

रानभूल: टिकालवरून मागे फिरू नका, उत्तरेला २३ किमीवर वाशाक्तून गाव आहे, तिथे मुक्काम करा, फ्लोरेसला लागून असलेल्या सांता एलेनाहून बस टिकालमधूनच पुढे जाते. हा सगळा पट्टा १९९० मध्ये माया बायोस्फिअर म्हणून राखीव झाला आणि पुढे सरकारने काही गावांना जंगल सांभाळायचे करार दिले. ठरवून मोजकीच झाडं तोडायची, बाकी पोट चालतं ते चिकल, रामोन झाडाच्या बिया आणि शातेवर. चिकल म्हणजे पूर्वी च्युइंगगमला लागायचा तो झाडाचा चीक, आणि शाते ही एका बुटक्या पामची पानं, गुच्छात घालायला परदेशी जातात. बायका एकेक पान उलटंपालटं करून बघतात, डाग दिसला की बाजूला. आणि गंमत बघा, या गावांकडचं जंगल बरंच शाबूत आहे, उलट पश्चिमेला लागुना देल तिग्रे नावाचं नॅशनल पार्क आहे, तिथे गुरांच्या कुरणांसाठी जंगल जाळून मोठाले तुकडे मोकळे केलेत. त्यामुळे गाईड गावातलाच घ्या, जेवण गावातच, मला तरी हाच सगळ्यात खरा इको टुरिझम वाटतो.

पायवाट: +१. चालायची तयारी असेल तर कार्मेलिता गावाहून एल मिराडोर हे जंगलातलं जुनं माया शहर करा, गावची सहकारी संस्था नेते, सामान खेचरांवर, जाऊन येऊन ५-६ दिवस. तिथला ला दांता पिरॅमिड ७० मीटरच्या वर आहे आणि अजून बराचसा झाडीखालीच. हेलिकॉप्टरनेही जाता येतं पण प्लीज नको, तसं गेलं तर गावाच्या हाती काय पडणार? फक्त जानेवारीत चिखल असू शकतो, फेब्रुवारी-मार्च जास्त बरा.

ह्यूस्टनवाली: मिराडोर यांच्या गुडघ्यांना झेपणार नाही, वाशाक्तूनच करतो मग. टिकालमध्ये काय सांभाळायचं?

रानभूल: पिसोते म्हणून लांब शेपटीचे प्राणी पार्किंगपाशी घोटाळत असतात, कितीही गोड वाटले तरी खायला घालू नका, सवय लागली की पिशव्या ओढतात. पाण्याच्या बाटल्या घरून न्या. चौथ्या मंदिरावर लाकडी जिने आहेत, गुडघे सांभाळून हळूहळू होईल, पहाटे गेलात तर हाउलर माकडं ऐकू येतील. वाशाक्तूनला मुक्कामाची सोय आधी विचारून ठेवा आणि कॅश जवळ असू द्या.